आईची सवत आणि माझी एम.एस्सी.

लातूरच्या भूकंपातून सहीसलामत वाचलेला एक जीव मी एका रविवारी सकाळी ब्लीचिंग पावडर टाकून मारला.

घाबरू नका, तो माणूस नव्हता! ती होती आमच्या सिरक्याच्या बरणीतली साय. आमच्या घरात द्राक्षाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, निजामाच्या काळापासून होतो. दह्याला जसं विरजण लागतं, तशी सिरक्याला ही जुनी साय लागते. जाड, राखाडी, बुळबुळीत. दिसायला इतकी ओंगळ की लहानपणी मी बरणीजवळून जाताना डोळे मिटून घ्यायची (आणि त्यामुळे दोनदा बरणीवरच आपटले). पण अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, तिच्यावर जीव. पणजोबांपासून तीच चालत आलेली. दरवर्षी नवा रस तिच्यावर ओतायचा, आणि काही महिन्यांनी नांदेडच्या हॉटेलवाल्यांपासून देगलूरच्या हकिमापर्यंत सगळे बाटल्या घेऊन दारात हजर.

भूकंप झाला त्या पहाटे अण्णांनी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, आणि मला ओढत अंगणात आणलं, आणि आम्ही नको नको म्हणत असताना पुन्हा आत धावले. आम्हाला वाटलं, आईला आणायला गेले. बाहेर आले तेव्हा कडेवर बरणी होती! आई त्यांच्या मागून, आपल्या पायांनी, हातात चप्पल घेऊन आली. पलीकडच्या गावांवर काय कोसळलं ते उजाडल्यावर कळलं, आणि त्यावर हसायची माझी हिंमत नाही. आमच्या घराला फक्त तडे गेले. एक तडा मात्र आईच्या मनाला गेला.

"बायकू आत ऱ्हायली तरी चालंल, बरणी फुटाय नको!" महिनाभर आम्ही अंगणात झोपलो आणि महिनाभर हे ऐकलं. तेव्हापासून त्या सायीचं घरातलं नाव पडलं 'सवत'. अण्णा गेले तरी आईनं नाव बदललं नाही. "सवतीला रस पाजलाव का?" असं ती अक्काला विचारायची.

अण्णांनंतर सिरक्याचं काम अक्काकडे आलं. तिचं सासर देगलूरचं, पण भावजींची नोकरी लातुरात, त्यामुळे ती गल्लीतच राहायची. आणि मी? मी एम.एस्सी. रसायनशास्त्र. एव्हाना लातुरात क्लासेस इतके झाले होते की एखाद्या घरावर पाटी नसली तर लोक काळजीनं चौकशी करायचे. मी एका क्लासमध्ये बारावीला शिकवायची आणि आमच्या माडीवर सहा मुली भाड्यानं राहायच्या. सिरक्याला मला हात लावू देत नसत, कारण मी लहानपणी दोन बरण्या फोडल्या होत्या. हा अपमान मी पोटात ठेवला होता.

त्या उन्हाळ्यात अक्का नणंदेच्या मुलीच्या लग्नाला देगलूरला निघाली. रांजणात द्राक्षं चेचून ठेवली होती.

"हे बघ," ती म्हणाली, "फेस उतरला की मी येऊन रस सवतीवर ओतीन. तू कशालाच हात लावू नको."

"अक्का, मी हा विषय शिकवते."

"म्हणून तर सांगलाले."

दुसऱ्याच रविवारी माडीवरच्या मुलींचे पालक खोल्या बघायला येणार होते. जिन्याखाली बरणी. माडीवरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या बरणीत काहीतरी हाय. हलून राहिलं!" झालं! मी झाकण काढलं आणि माझ्यातली एम.एस्सी. जागी झाली. सिरका होतो तो जिवाणूंमुळे, आणि जिवाणू हवेत असतातच. मग चार पिढ्यांची ही घाण कशाला? निव्वळ अंधश्रद्धा! मी सवतीला मोरीत ओतलं, वर ब्लीचिंग पावडर आणि बादलीभर पाणी टाकलं, बरणीही त्याच पावडरनं घासली आणि सात पाण्यांनी धुतली. (सातच का? शास्त्रीय कारण नाही. सात म्हटलं की बरं वाटतं.)

मग रांजणातला रस गाळून त्या चकचकीत बरणीत भरला. धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला प्लास्टिक आवळून बांधलं, त्यातून एक नळी काढली आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. बुडबुडे येऊ लागले. किती सुंदर दिसत होतं! हीच आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. तिच्याखाली 'यातून अल्कोहोल तयार होते' हे वाक्यही लिहिते, आणि परीक्षेला येणारच म्हणून त्याखाली दोन रेघा मारते. पण फळ्यावरची आकृती जिन्याखाली येऊन बसली तर ओळखू येतेच असं नाही.

पालक येऊन गेले, छान म्हणून गेले. नंतरच्या रविवारी लोह्याहून एका मुलीचे आजोबा आले. माळकरी माणूस. जन्मात चहाशिवाय काही प्यायले नव्हते. एसटीत चार तास अंग घुसळून आलेले, पोट धरून ओट्यावर बसले.

"बाई, तुमच्या अण्णांचा सिरका लई गुणाचा हाय म्हनं. पोटात ग्यास धरलाय बगा."

अक्काच्या जुन्या बाटल्या तिच्या घरी कुलपात. मी मोठ्या अभिमानानं नळी काढली आणि पेलाभर नवा सिरका दिला.

आजोबांनी एक घोट घेतला आणि थांबले. "आंबट न्हाई लागला."

"सुधारित पद्धत आहे, आजोबा."

"ब्येस हाय!" त्यांनी पेला संपवला. मग पोटाचा दुसरा कोपरा दुखतोय म्हणून आणखी एक मागितला. मी दिला! गिऱ्हाईक खूश म्हटल्यावर मला कोण आवरणार?

अर्ध्या तासात ग्यास गेला आणि आजोबा रंगात आले. माडीवरच्या सगळ्या मुलींना खाली बोलावून त्यांनी अभ्यासाचं महत्त्व सांगितलं. मग तेच पुन्हा सांगितलं. दारातल्या रिक्षावाल्याला मिठी मारून "जावई, घरात या ना" म्हणाले. त्यांची नात लाजेनं लालबुंद. शेवटी ओट्यावर उभं राहून त्यांनी टाळ्यांच्या तालावर भजन धरलं, आणि समोरच्या क्लासची सुटलेली अख्खी बॅच त्यांना साथ देऊ लागली. मी म्हणत होते, "उन्हानं झालंय, उन्हानं!"

त्या गर्दीतून पिशवी सावरत अक्का आली. तिनं आजोबांकडे पाहिलं, पेला उचलला, नाकाशी नेला.

"काय पाजलीस गं ह्यास्नी?"

"सिरका."

"माय माझे! ही दारू हाय."

मला फळा आठवला. दोन रेघा आठवल्या. आजोबांना आम्ही ताक पाजून आतल्या खोलीत झोपवलं, आणि काय प्यायले ते त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. त्यांची माळ मोडल्याचं पाप माझं, त्यांचं नव्हे.

मग अक्कानं हळूच विचारलं, "आन् सवत कुठाय?"

मी मोरीकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, ती ओरडेल, मारेल. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि अण्णा गेले तेव्हा रडली नव्हती तशी रडली. "माणसं गेली, भिंती तडकल्या, तेवढी एकच ऱ्हायली होती गं त्यांच्या हातची." मला इतकं शरमल्यासारखं झालं की जिवाणू हवेत असतात हे सांगायचंही सुचलं नाही. मीही तिच्याशेजारी बसून रडले.

आई आतून आली. आम्हा दोघींकडे एकदा पाहिलं, पुन्हा आत गेली आणि लोणच्याची एक छोटी बरणी घेऊन आली. तिनं फडकं सोडलं. आत सिरक्यावर तरंगत होती तीच राखाडी, बुळबुळीत, ओंगळ साय. आयुष्यात पहिल्यांदा मला ती सुंदर दिसली.

"आई! तू? तू तर हिला शिव्या द्यायचीस!"

"देईन की. माझी सवत हाय, मी देईन. तू कोन मोरीत टाकनारी?" आई म्हणाली. "माणूस कडंवर घेऊन पळाला होता तिला. उगं पळाला का?" आणि पदरानं बरणीचं तोंड पुसत तिनं ती अक्काच्या हातात दिली.

सिरक्याला हवा लागते म्हणून अक्कानं प्लास्टिक फाडून टाकलं, माझ्या सुधारित पद्धतीवर सवत सोडली आणि वर कापड बांधलं. दिवाळीपर्यंत त्याचा सिरका झाला, आणि अण्णांच्या हातासारखा झाला. सगळ्यांनी नावाजला. तक्रार एकच आली, लोह्याहून. आजोबांचा निरोप होता, "औंदाच्या मालात पयल्यावानी गुन न्हाई. धाकट्या बाईच्या हातचा पाठवा."

बाटल्या भरताना मी आईला विचारलं, "लपवलीस तरी कुठं?"

"भिंतीवर तुझ्या डिगरीची फ्रेम हाय न्हवं? तिच्या मागच्या कोनाड्यात. तिकडं कोन बगतंय!"

"आणि काढून कधी ठेवली होतीस?"

आईनं बुचावर अंगठा दाबला आणि पुढची बाटली ओढली.

"तू एम.एस्सी. झालीस ना? पेढे वाटले, आन् लगीच."