आक्कांचा डावा गाल

आक्कांचे दोन गाल दोन रंगांचे होते. वांगाचे डाग दोन्हीकडे, पण बाजारात नवं काही आलं की त्या ते आधी स्वतःच्या डाव्या गालावर लावून बघत. उजवा तसाच सोडलेला. "आदी माजा गाल, मग तुमचा," असं गिऱ्हाइकाला सांगायच्या. इंदापुरात त्यांचं पार्लर आणि माझं शिवणकामाचं दुकान शेजारी-शेजारी, त्यामुळे त्या गालाचे सगळे हाल मी जवळून पाहिले.

पाहुण्याला पाणी द्यावं तसं त्या आलेल्या बाईच्या तोंडावर गुलाबपाणी शिंपडत. बाई नुसता पत्ता विचारायला आली असली तरी तिची सुटका नसे.

सकाळभर कळस गावातल्या घरच्या शेतात मिरची तोडायची आणि दुपारी येऊन पार्लर उघडायचं, असा त्यांचा दिवस. पार्लर नीट चाललं तरच घरचे शेतातून सोडणार होते. "मला सावलीतलं काम पायजे गं," एवढंच त्यांचं मागणं. पण नव्या बायका त्यांच्या चेहऱ्यावरचे डाग बघून हळूच काढता पाय घेत.

मग बारामतीच्या एका विक्रेत्या मुलीने सुयांचे पॅच आणले. छोटी पट्टी, तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा सुया. त्या कातडीत शिरून विरघळतात आणि डाग फिका करणारं औषध आत सोडतात. आक्का हरखल्या. "मलम वरच्या वर ऱ्हातंय, ह्ये आत जातंय!" म्हणत त्यांनी सवयीने गालावर गुलाबपाणी शिंपडलं आणि पट्टी दाबली. सुया ओल्या गालावरच विरघळून चिकचिकाट झाला. "आक्का, सुयांचा बी पाहुणचार केला व्हय?" मी म्हटलं. त्या पोट धरून हसल्या.

नंतर गाल कोरडा करून पट्ट्या लावल्या, आणि काही आठवड्यांत तो खरंच उजळला. बायका थांबू लागल्या. एका नवरीचा मेकअपही ठरला. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

तेवढ्यात मिरचीचा मोठा तोडा आला. पार्लर आधी चालू दे, मग शेत सोड, असं घरच्यांचं म्हणणं. पार्लर चालायला गाल उजळ हवा आणि गालाला सावली हवी, हे कुणाला सांगणार? ऐन उन्हाळ्यात डाग परत आले, पहिल्यापेक्षा गडद. नवरी बारामतीच्या पार्लरला गेली. आक्का आरशात बघत म्हणाल्या, "औशद आत जातंय, तसं ऊन बी जातंय. उनाला पट्टी लागत न्हाय." मला त्यांच्या घरच्यांचा भयंकर राग आला. आक्कांना तर तोही येईना.

पार्लर बंद झालं. परवा बाजारात त्या भर उन्हात मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या दिसल्या. तोंडावर पदरसुद्धा घेतला नव्हता. मी म्हटलं, "आक्का, निदान पदर तरी घ्या."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "हितं गिऱ्हाईक मिरची बघून घेतंय. इकनारीचं त्वांड कोन बघतंय?"