आत्याच्या दुकानाची पायरी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. दोन वर्षांपूर्वीच्या अक्षय्य तृतीयेला, सकाळी अकरा वाजता, आर्णीच्या बाजारओळीत, सगळ्यांच्या देखत झाला. आता ती दुकान बंद करते आहे आणि गाव म्हणतं, बाई थकली, म्हातारी झाली. गाव खोटं बोलतं.

पण आधी आत्या कोण ते सांगितलं पाहिजे, कारण तिच्याइतकी वाईट दुकानदार अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाली नसेल. आमच्या घराण्यातले बाकी सगळे पुरुष तहसील कचेरीत चिकटले, मी चळवळीत पडलो. ही एकटी, लग्नबिग्न न करता, मणी, दोरे, आरसे, रंग आणि ब्रश असं चिमुकलं दुकान मांडून बसली. गिऱ्हाईक पायरी चढलं की बाकीचे दुकानदार "या, बसा" म्हणतात. आत्या उलटतपासणी घ्यायची. मणी कोणाले पाह्यजे, तिचा रंग कसा, मान लांब का आखूड? उत्तर पटलं नाही तर फळीवरची बरणी खाली यायची नाही. एका शाळकरी पोरीने आभाळासाठी निळा रंग मागितला, तर आत्या तिला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेली. "पाह्य वर. एप्रिल हाय. कुठं दिसून राह्यलं तुले निळं?" पोरगी भुरकट रंग घेऊन गेली आणि चित्रकलेत नापास झाली. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या बाई भांडायला आल्या, तर आत्याने त्यांनाही वर पाहायला लावलं. बंजारा तांड्यावरच्या बाया कांचळीवर, म्हणजे त्यांच्या चोळीवर, लावायला आरसे आणि कवड्या न्यायच्या. त्यांच्याशी ती त्यांच्याच गोरबोलीत भाव करायची, आणि ती बोली इतकी भयंकर असायची की त्या हसूनहसून वाकायच्या. तेवढ्यात आत्याच स्वतःचा भाव उतरवून मोकळी झालेली असायची.

माझ्या चळवळीबद्दल तिला आदर होता, पण तो कागदापुरता. मी छापलेली पत्रकं ती गठ्ठ्याने मागून घ्यायची आणि त्यांत मणी बांधून द्यायची. मी एकदा संतापलो. म्हणाली, "लेका, चौकात वाटतं तवा लोकं फेकून देतेत. माही पुडी घरी जाते, सोडून पाहतेत. वाचतेत बी. अन् अक्षर जरा मोठं छापत जा, म्हाताऱ्या वाचू शकत नाहीत."

आता मूळ गोष्ट. ती कापसाने दगा दिलेली वर्षं होती. बोंडअळीने शेतं खाल्ली, पडलेल्या बाजारभावाने उरलेलं खाल्लं, आणि गावागावांतून ऐन तिशीतल्या बाया पांढऱ्या कपाळाने दिसू लागल्या. त्यांतली एक दुपारची दुकानात आली. रुमालात गुंडाळलेले काळे मणी तिने आत्यासमोर ठेवले. सोन्याच्या वाट्या सासरच्यांनी काढून घेतल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "हे वापस घेता का, बाई? फेकाले जीव होत नाही."

आत्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे तिच्याच हातची पाटी होती : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"वाचता येते ना तुले? मंग? बस खाली."

ती बाई घाबरून पाटावर बसली. आत्याने बरण्या उतरवल्या. गेरूच्या रंगाचे, तुरीच्या फुलासारखे पिवळे, एक-दोन हिरवे मणी काढले, काळ्यांच्या मध्ये ओवले आणि तासाभराने गाठ मारली. "आता हे मंगळसूत्र नाही. माळ हाय. माळ घालाले कोनाच्या बापाची परवानगी लागते?" बाईने माळेवरून एकदा बोटं फिरवली. मग पाण्याचा तांब्या मागितला आणि घटाघटा प्याली.

तिच्या मागून दुसऱ्या आल्या. दर बाजाराच्या दिवशी दोघी-तिघी पाटावर बसलेल्या असत. आत्याने त्यांना गाठ शिकवली, सुई शिकवली. चार वर्षांत त्यांचे हात इतके बसले की लग्नाचे काळे मणीसुद्धा त्याच ओवू लागल्या. गावाला पत्ता नव्हता तोवर गावाची काही तक्रार नव्हती.

मग ती अक्षय्य तृतीया. एका चांगल्या घरातली, नवरदेवाची आई, लवाजमा घेऊन सुनेचे मणी घ्यायला आली. मी आत रंगाची खोकी लावत होतो, पाटावर त्या बायांपैकी एक मणी ओवत होती. पायरीवरच तिने आत पाहिलं आणि थांबली.

"आजच्या दिवशी हिले कायले बसवलं समोर?"

"ती बसली म्हणून मणी ओवल्या जातेत," आत्या म्हणाली.

"तिले जरा आत पाठवा ना. आमच्या घरचं कार्य हाय."

"कार्य तुमच्या घरचं हाय, दुकान माह्यं हाय. मी तुमच्या मांडवात येऊन कोणाले उठवत नाही."

लवाजमा मागे फिरला. पाटावरची बाई सुई खाली ठेवून उठू लागली, तर आत्याने तिचा हात धरून बसवलं. त्या दिवसापासून लग्नाचं गिऱ्हाईक संपलं. कोणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. फक्त लोक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालू लागले. मण्यांवर धूळ बसली, मग रंग वाळले, आणि आत्याने दारावर पाटी लावली : 'म्हातारपणामुळे दुकान बंद करणे आहे.' भोवती इतकी देखणी वेलबुट्टी की दोघांनी पाटीच विकत मागितली.

मी चिडलो. "खोटं काहून लिहिलं? बहिष्कारामुळं, असं लिही!"

ती बरण्या पुसत होती. "तसं लिहिलं तर त्या बायायले वाटंन, आपल्यापायी बाईचं दुकान बसलं. म्हातारपण माह्यं सोताचं हाय, बाप्पा. त्याचा दोष कोणाले लागत नाही."

तिच्या मनाविरुद्ध मी हे लिहितो आहे, कारण त्या बायांनीही ऐकलं पाहिजे : दुकान तुमच्यामुळे बसलं नाही. पायरीवरून फिरले त्यांच्यामुळे बसलं.

येत्या रविवारी आत्या वणीला भाचीकडे जाते आहे. रंग वाटून टाकले, आरसे तांड्यावर गेले. काळ्या मण्यांची बरणी मात्र अजून भरलेली आहे, आणि संध्याकाळच्या उजेडात आत्या त्या बरणीकडे पाहत बसते.

तुमच्या घरी यंदा लग्न असेल. रविवारपर्यंत दुकान उघडं आहे. या. पाटावर बसलेल्या बाईसमोर बसा, आणि सुनेचे मणी तिच्याच हातून ओवून घ्या.