पट्टीवरचं नाव

नर्सिंगला शिकणारी ती मुलगी गोळी देण्याआधी दर वेळी आईला विचारायची, "आजी, नाव सांगा बघू." नाव आपण उच्चारायचं नाही, पेशंटच्या तोंडून ऐकायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचं, असं त्यांना शिकवतात. मला त्या सोपस्काराचं हसू यायचं.

काल सकाळी आई म्हणाली, "यमू. यमुना."

पट्टीवर होतं सुमती. मुलीचा हात तिथेच थांबला.

"देऊन टाका हो," मी वैतागलो. "माझीच आई आहे ती."

"नाही काका. नाव जुळल्याशिवाय नाही देता येत."

यमुना हे आईचं माहेरचं नाव. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने सुमती लिहिलं आणि यमुना मागे राहिली. पुढे सुमतीही फारसं कुणी म्हटलं नाही. ती वहिनी झाली, आई झाली, आजी झाली. साठ वर्षांत तिला तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं ते या पोरीने, दिवसातून तीनदा. हल्ली आईला जवळचं आठवत नाही, लांबचंच आठवतं. तिने अगदी खरं तेच सांगितलं होतं.

गोळीची वेळ टळत होती. मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, "आई, सुमती म्हण."

परक्या माणसाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग नव्या नवरीसारखी मान खाली घातली, "सुमती" म्हणाली, आणि गोळीसाठी तोंड उघडलं.