वन्संनी उजवलेलं घर

आमच्या वन्संनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती गोष्ट निमूटपणे होऊन जाते, हे बहरीनमधल्या तमाम मराठी माणसांना ठाऊक आहे. जी होत नाही तिला त्या रोज सकाळी साडेसहाला फोन करतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हा शब्द आता कुणी वापरत नाही, मैत्रिणी मला हसतात. पण लग्नानंतर आठवडाभर मी त्यांना 'ताई' म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी आपण पोलीस कमिशनरला 'बाळ' म्हणतोय असं वाटून सोडून दिलं. वय एकोणसाठ. लग्न केलेलं नाही. हूरा नावाच्या वस्तीत आमच्याच इमारतीत, नेमक्या आमच्या डोक्यावर राहतात आणि मला बोलवायचं असलं की लाटण्याने फरशी ठोकतात. जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये त्या सव्वीस वर्षं आहेत आणि तिथून एक वॉशरसुद्धा सहीशिवाय बाहेर पडत नाही. एकदा खुद्द जनरल मॅनेजर हातोडी मागायला आला. त्याने फॉर्मवर कारण म्हणून 'पर्सनल' लिहिलं, तर "पर्सनल मफी, चालणार नाही, खिळा कुठे ठोकायचाय ते लिही," असं सांगून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो बिचारा भिंतीचा फोटो घेऊन आला.

ही झाली नोकरी. त्यांचं खरं काम लग्नं जमवण्याचं. आतापर्यंत किती जमवली ते सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. त्यांचा सगळा भर चौकशीवर. मुलाच्या आईवडिलांशी त्या अगदी शेवटी बोलतात. आधी त्याच्या इमारतीचा वॉचमन, मग इस्त्रीवाला, मग कोपऱ्यावरचा मल्याळी किराणावाला. मुहर्रकला राहणारा, विमानतळावर चांगल्या नोकरीला असलेला एक पुण्याचा मुलगा होता. रूप, शिक्षण, घराणं, सगळं उत्तम. वन्संनी नकार कळवून टाकला, कारण किराणावाल्याने सांगितलं की तो रोज येऊन एकच अंडं घेऊन जातो. "एकेक अंडं आणणारा माणूस," वन्सं म्हणाल्या, "घरात दुसरं कुणी यावं असं त्याला वाटतच नाही गं." त्या मुलाने आजतागायत लग्न केलेलं नाही, म्हणजे बघा.

अशा या वन्संची बुदैयातल्या मादामशी गाठ पडली ती शनिवारच्या भाजीबाजारात. मुळ्याची शेवटची जुडी एकाच वेळी दोघींनी धरली आणि सोडायला कुणी तयार होईना. मग लक्षात आलं की मादामना लोणी लावून खायला मुळे हवे आहेत आणि वन्संना भाजीला फक्त पाला. जुडी तिथल्या तिथे मोडली आणि मैत्री जुळली. मादाम मूळच्या फ्रान्सच्या, एका बहरीनी डॉक्टरशी लग्न करून चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. डॉक्टर गेले, मादाम खजुरीच्या बागेशेजारच्या घरात राहिल्या. दोघी इंग्रजी, हिंदी आणि अरबी अशा खिचडीत तासन् तास बोलत. असंच एका शनिवारी मादामनी फ्रान्समधल्या आपल्या वडिलांच्या घराचे फोटो दाखवले. नदीकाठचं जुनं गाव, वेशीला दगडी कमान, मधोमध लाकडी खांबांवर उभा असलेला बाजार, आणि त्यामागच्या गल्लीत निळ्या खिडक्यांचं तीन मजली घर. परसात अक्रोडाचं मोठं झाड. तीन वर्षं बंद होतं. निम्मं मादामचं, निम्मं त्यांच्या भाच्याचं, म्हणजे दिवंगत भावाच्या मुलाचं. भाच्याला एका व्यापाऱ्याने गाठलं होतं. तो म्हणे स्वयंपाकघर पाडून पर्यटकांसाठी सहा खोल्या काढणार आणि अक्रोड तोडून तिथे गाड्या उभ्या करणार. "ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तुला दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक," भाच्याने आत्याला बजावलं होतं, "नाहीतर मी याला होकार देतो." तेव्हा एप्रिल चालू होता. मादाम सांगता सांगता रडायला लागल्या. वन्संनी त्यांना रुमाल दिला, फोटो पुन्हा एकदा निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे मुलगी उजवायची आहे. चार महिने पुष्कळ झाले. यल्ला, चला कामाला!"

त्या संध्याकाळी लाटणं जोरात वाजलं. मी वर गेले तर वन्सं माझ्या लेकीला शेजारी बसवून घराचा बायोडाटा टाइप करून घेत होत्या. उंची : तीन मजले. वर्ण : निमगोरा (दगड पिवळसर होता). तोंड : पूर्वेला. प्रकृती : उत्तम, फक्त छपराच्या एका कोपऱ्याला ओल येते, आधीच सांगितलेलं बरं. अपेक्षा : नांदतं कुटुंब, मुलंबाळं असल्यास उत्तम, निर्व्यसनी. लेक म्हणाली, "आत्या, इट्स अ हाउस!" "म्हणून काय झालं?" वन्सं म्हणाल्या, "जायचंय परक्याच्याच हातात ना?" मादामनी त्याचं फ्रेंच केलं आणि तिथल्या घरविक्रीच्या वेबसाइटवर टाकलं. 'निर्व्यसनी'ला काय शब्द वापरला कुणास ठाऊक, पण ते वाचून पहिल्याच आठवड्यात चौदा जणांनी चौकशी केली.

मग दर शुक्रवारी सकाळी मादामच्या जेवणाच्या टेबलावर पाहण्याचा कार्यक्रम. लॅपटॉप मध्ये, एका बाजूला मादाम, दुसऱ्या बाजूला वन्सं आणि त्यांची मदतनीस म्हणून मी. वन्सं दर वेळी कांदेपोहे करून न्यायच्या. समोरची मंडळी पडद्यावर, हजारो मैल लांब, खाणार कोण, असं मी विचारलं, तर "पाहायला आलेल्यांसमोर रिकामं टेबल ठेवायचं? आपली काही रीत आहे की नाही?" असं उत्तर मिळालं. पोहे मी आणि मादाम खात असू. पहिलं स्थळ पॅरिसचं, नवराबायको दोघंही हसतमुख. घर फार आवडलं म्हणाले, फक्त खिडक्या काळ्या करणार, जिना हलवणार आणि मधल्या भिंती काढणार. वन्संनी लॅपटॉप मिटायच्या आधीच मराठीत निकाल दिला : "मुलगी पसंत, पण नाक, डोळे आणि उंची बदलून हवी. खलास." दुसरे एक निवृत्त गृहस्थ. त्यांना जुनी घड्याळं जमवण्याचा नाद, आणि ती ठेवायला घर हवं होतं. माणूस सज्जन होता, मला तर फारच आवडला. पण वन्संनी विचारलं, "जेवायला किती जण असता?" आणि ते "मी एकटाच" म्हणाले. "एकटं राहायला तीन मजले लागत नाहीत," एवढंच वन्सं म्हणाल्या. मे गेला, जून गेला, बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं, वेबसाइटवरची सगळी स्थळं संपली आणि भाच्याचे निरोप वाढले. मादाम म्हणाल्या, देऊन टाकू या व्यापाऱ्याला, मी दमले. वन्सं म्हणाल्या, "दमायचं ते सप्टेंबरात."

आणि त्यांनी आपलं हुकमी हत्यार काढलं. गिऱ्हाईक सोडून त्यांनी गावाची चौकशी सुरू केली. मादामना रोज त्या गावातल्या कुणाला तरी फोन करायला लावायच्या : पोस्टमन, खाटीक, चर्चची किल्ली सांभाळणारी बाई. पाचव्या दिवशी पाववाली सापडली. वन्संनी विचारायला लावलेला प्रश्न असा होता की तुमच्याकडून रोज सगळ्यात जास्त पाव कोण नेतं? पाववाली म्हणाली, दोन गल्ल्या सोडून एक नर्स राहते, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा शाळेची बस चालवतो, तीन मुली, सासू जवळ. त्या मुली ना, ती सांगू लागली, दर शरदात तुमच्या भिंतीबाहेर पडलेले अक्रोड वेचतात आणि निम्मे तुमच्या बंद दाराशी ठेवून जातात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, झाड त्यांचं आहे ना. मादामनी ते सगळं वन्संना सांगितलं. वन्संनी शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणाल्या, "ठरलं."

ठरलं म्हणजे वन्संपुरतं. नर्सबाईंना तर खरंच वाटेना. असलं घर आपल्यासाठी असतं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. कर्जाची जुळवाजुळव करून त्यांनी होकार दिला, पण व्यापारी देणार त्यापेक्षा कमीच. भाचा अडून बसला. ऑगस्टचे दहा दिवस उरले होते. शेवटी वन्सं म्हणाल्या, मी बोलते त्याच्याशी. पडद्यावर भाचा आला, पस्तिशीचा, घाईत असलेला, बोलायला गोड. मला वाटलं आता स्टोअर्समधला आवाज निघणार. पण वन्सं इतक्या हळू बोलल्या की मलाच पुढे सरकावं लागलं.

"मीही एक घर विकलंय, बेटा," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. "कराडला. वडील कंपाउंडर होते, त्यांनी बांधलं. तीनच खोल्या. आम्ही सगळे इथे बहरीनमध्ये, म्हणून फोनवरच विकलं. घेणाऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. दोन वर्षांनी रजेवर गेले तेव्हा मुद्दाम त्या रस्त्याने गेले. तिथे गाळे झालेत. माझ्या आईची चूल होती तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. मी एक कव्हर घेतलं. दुसरं काय करणार? आत जायला काहीतरी निमित्त हवं ना. तुझी आत्या अजून आहे, तिला आत जाऊ दे."

ते घर विकायची घाई आमची होती. तेव्हा आम्हाला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, मुखत्यारपत्राचा कागद मीच त्यांच्यासमोर ठेवला होता, आणि त्यांनी एकही प्रश्न न विचारता सही केली होती. सहीशिवाय वॉशर न देणाऱ्या बाईने! कराडला जाऊन आल्याचं त्या आम्हाला कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या फोनचं ते तपकिरी कव्हर मी रोज बघत होते. फाटलंय, बदला आता, असं दहादा म्हणालेही होते.

भाच्याने आठवडा मागितला आणि चौथ्याच दिवशी होकार कळवला. पुढची बोलणी वन्संनीच केली आणि मुलीकडच्या बाजूने एकच अट घातली : मादामना दर वर्षी चार दिवस माहेरपणाला बोलवायचं, पाटावर बसवून. तिथल्या वकिलाने सांगितलं की असलं काही खरेदीखतात घालता येत नाही. मग नर्सबाईंनी आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहून पाठवली : खोली वरची, बागेकडची. केव्हाही या.

यंदा सप्टेंबरात पहिलं माहेरपण. पण मादामच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर विमानात बसू देईनात. मादाम म्हणाल्या, "माझ्याऐवजी तू जा. तुला कुठे माहेर आहे?" वन्सं म्हणाल्या, मला सासरच नाही तर माहेर कुठलं. तीन दिवस त्या नाही म्हणत होत्या आणि चौथ्या दिवशी लाटणं वाजलं : व्हिसाचा फॉर्म भरायचाय. प्रवासाचं कारण काय, या प्रश्नाशी आम्ही पाऊण तास अडलो होतो. मी म्हटलं, पर्यटन लिहा. "फॉर्मवर खोटं लिहायचं नाही," म्हणाल्या. अखेर 'फॅमिली' लिहिलं आणि मुलाखतीला सोबत ती चिठ्ठी नेली. व्हिसा मिळाला. पाच किलो चिवडा, नारळ, तिन्ही मुलींना परकर-पोलकी असं सामान घेऊन वन्सं निघाल्या, आणि चार दिवस माझ्या डोक्यावरची फरशी गप्प होती. मला करमेना.

मुहर्रकला विमानतळावर त्यांना आणायला आम्ही दोघं गेलो. बाकीचं सामान ट्रॉलीवर होतं आणि एक कापडी पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. ती त्यांनी गाडीतही खाली ठेवली नाही. कसं झालं विचारलं तर म्हणाल्या, छप्पर दुरुस्त केलंय, स्वयंपाकघर आहे तसंच आहे, सासू फार बडबड करते, आपल्याला एक अक्षर कळत नाही पण बरं वाटतं. पुढचं पूल ओलांडल्यावर. "निघताना ती नर्स दारात आली," त्या म्हणाल्या. "मला थांब म्हणाली आणि परसातून ओंजळ भरभरून अक्रोड आणले. मी ओढणी पुढे केली गं, ओटीला करतात तशी. तिने तीनदा घातले. तिला कुणी सांगितलं नव्हतं." आणि आमच्या वन्सं, ज्यांना मी बावीस वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

त्यातले मूठभर अक्रोड त्यांनी मला दिले. ते अजून मी फोडलेले नाहीत. कराडच्या घराबद्दल त्यांची माफी मागावी असं मनात येतं, पण त्या "सोड गं, खलास" म्हणतील आणि विषय बदलतील. परवा रात्री जेवताना मी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की पुढच्या सप्टेंबरची रजा आत्ताच मागून ठेव. कशाला, म्हणाला. मी म्हटलं, बहिणीला माहेरी पोचवायला भावाने जायचं असतं. त्याने ताटातलं संपवलं. मग उठला, हात धुतला आणि तिकिटाचं विचारायला वर गेला.