लिनक्सवरून आईशी

माझ्या आठवणीत आई ठार बहिरीच होती. पण समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं ओळखायची आणि बोलायची तर चारचौघींसारखीच. मी नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हा फोन बाबा घ्यायचे आणि माझं वाक्य तिच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायचे. बाबा गेले आणि आमच्या दोघींमधला फोनच संपला. आईला जेमतेम अक्षरओळख, त्यामुळे पत्र किंवा मेसेज तिला वाचता यायचा नाही. ती यवतमाळला एकटी, मी वाघोलीत भाड्याच्या खोलीत एकटी. म्हणून लॅपटॉप घेतला. खराडीच्या ऑफिसातलं प्रोग्रामिंग त्यावर घरी करता यावं आणि रविवारी आईशी बोलता यावं, एवढंच मला हवं होतं.

दुकानातून आला तेव्हा लॅपटॉपवर जी सिस्टिम होती, तिच्यावर पहिला व्हिडिओ कॉल छान झाला. आई शेजारच्या काकूंकडे संगणकासमोर बसली होती आणि तिनं माझं वाक्य न वाक्य ओळखलं. पण आमच्या ऑफिसात त्या सिस्टिमवर प्रोग्रामिंग करणं म्हणजे नऊवारी नेसून पोहायला उतरणं. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी सदाशिव पेठेतला, कौतुकही टोमण्यातच करणारा. त्यानं मला लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम घालून दिली.

"यावर व्हिडिओ कॉल नीट होईल ना?" मी विचारलं.

"चेहरा बघायचाय ना? का सिनेमा काढायचाय?"

मी हसले आणि जुनी सिस्टिम पुसून टाकली.

लिनक्सवर माझं काम भराभर व्हायला लागलं. कॅमेरा मात्र अडखळायचा. आवाज पुढे जायचा, चित्र मागून यायचं, कधी तोंड अर्धं उघडं असतानाच थबकायचं. मला ऐकू येत होतं, त्यामुळे त्यात फारसं काही बिघडलंय असं वाटलं नाही.

दर रविवारी मी तिला म्हणायचे, "आई, इकडे ये राहायला. मी मोठं घर बघते."

"हो माय, हो," ती मान डोलवायची. "बरं आहे सगळं." काकू तिला खुर्चीत बसवून आत निघून जायच्या, मायलेकींच्या बोलण्यात आपण कशाला, असं त्यांना वाटायचं.

आई काही आली नाही. मी घरं बघत होते आणि ती नुसती हो म्हणत होती. मला राग यायला लागला. बाबांचं घर सुटत नसेल तर सरळ सांगावं ना! शेवटी मी विचारणं सोडून दिलं. दिवाळीला गेले तेव्हाही हट्टानं तो विषय काढला नाही. ऑफिसात कामाचा वेग वाढला म्हणून माझी वाहवा होत होती. अशी दोन वर्षं गेली.

मग मधुमेहानं आईच्या डोळ्यांचे पडदे खराब व्हायला लागले. मी यवतमाळला धावले. दवाखान्याच्या बाकावर तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "आता तरी येशील का माझ्याकडे?"

तिनं माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं. "तू तं कधी ये म्हनलंच नाही. लेकीच्या घरी आपल्या मनानं कोनी जाते का?"

"अगं, दर रविवारी म्हणत होते मी!"

ती ओशाळली. "त्याच्यात तुये ओठ समजत नव्हते, माय. पन तू दिसत होती ना. नाही समजत म्हनलं असतं, तं तू तेही बंद केलं असतं."

मला रडू आवरेना. लहानपणी पाहुण्यांसमोर ती अशीच मान डोलवायची, तेव्हा तिला काही कळलेलं नाही हे घरात सर्वात आधी मी ओळखायचे.

आई त्याच आठवड्यात माझ्याबरोबर पुण्याला आली. कोणती सिस्टिम चांगली यावर ऑफिसात आजही वाद रंगतात. मी उठून चहाला जाते. ती दोन वर्षं तिनं माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघत काढली असती, ही हळहळ काही केल्या जात नाही. आता तिला अगदी जवळूनही ओठ दिसत नाहीत. संध्याकाळी मी तिच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढते. 'जेवलीस का', 'दुखतंय का' एवढं जमतं. त्याहून मोठं वाक्य लिहीपर्यंत ती सुरुवातीची अक्षरं विसरते, आणि मग मान डोलवते.