मामांचा घरसामानाचा विमा

अख्ख्या निजामाच्या मुलखात स्वतःचं घर असून स्वतःच्या घरी आंघोळ करता येत नाही असा गृहस्थ एकच होता, आणि तो धाराशिवात आमच्या गल्लीत राहायचा. कचेरीतून पेशकार, म्हणजे कागदपत्रांचे कारकून, म्हणून निवृत्त झालेले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून सोलापूरहून नवी सून होऊन आलेली मीही मामाच म्हणू लागले. आल्याआल्याच मी त्यांना खांद्यावर पंचा टाकून किराणावाल्या अप्पांच्या घरात शिरताना पाहिलं. घरी न्हाणी आहे, आडाला पाणी आहे, मग हे तिकडे कशाला जातात, असं सासूबाईंना विचारलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "त्यांचं घंगाळ अप्पाकडं असतंय. विमा हाय त्याचा."

हा विमा समजायला मला बरेच दिवस लागले. झालं होतं असं, की येडशीच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना मामांना सोलापूरचा एक विमा एजंट भेटला. गाडी नेहमीसारखी उशिरा, त्यामुळे त्यानं घरसामानाचा विमा अगदी पायरीपायरीनं समजावून सांगितला. दरसाल हप्ता भरायचा. आग लागली, चोरी झाली, तर कंपनी सामानाचं मोल देणार, तेही जुन्या वस्तूचं जुन्यासारखंच. "म्हंजे चीज परत मिळत न्हाय?" मामांनी विचारलं. "चीज कुठून मिळणार? मोल मिळेल," एजंट म्हणाला, "आणि घर बरेच दिवस बंद राहिलं तर तेही नाही. घरात राहतं माणूस हवं. तुम्ही गावाला गेलात की मागं कोण असतं?" यावर मामांनी उत्तर दिलं ते थेट आमच्या ओसरीवर येऊन, "बाकी समदं मंजूर हाय हो, पर माणूस कुठनं आणू?"

शेवटी त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली. आग काही साऱ्या गल्लीला एकदम लागत नाही आणि चोर एका फेरीत सगळी घरं फोडत नाही, असा हिशोब करून त्यांनी सामान घरोघरी वाटून टाकलं. घंगाळ अप्पांकडे, पितळी पानदान समोरच्या कपडे शिवणाऱ्या खालांकडे, लाल रजई आमच्याकडे. स्वतःच्या घरात उरली एक चटई आणि एक खुंटी. चोर आलाच असता तर दया येऊन काहीतरी ठेवूनच गेला असता. हप्ताही मामा चोख भरत. तेव्हा सरकारी कागद उर्दूत येई आणि गल्लीला धडकी भरे. मामा तो वाचून, समजावून देत, वर अर्जही लिहून देत. बदल्यात त्यांना हवा असे फक्त रोजचा मुआयना, म्हणजे आपल्या चिजांची पाहणी. अप्पांकडे आंघोळ झाली की खालांकडे पान, आणि मग आमच्याकडे रजईवर हात फिरवून चहा. "सूनबाई, उन्हात टाकली व्हती का?" "टाकली हो मामा, तुमच्याआधी तीच ऊन खाऊन आली." थंडीत ते चादरीत कुडकुडायचे. मी म्हणायची, घेऊन जा की घरी. "आन आग लागली मग?" "लागली तर निदान ऊब तरी मिळेल." ते मनापासून हसत, पण रजई काही नेत नसत. मग आमच्याच ओसरीवर ती पांघरून झोपत आणि सकाळी घडी घालून माझ्याकडे परत जमा करत. "रजईपायी बिचारा आपल्याकडं झोपतो," सासूबाई म्हणायच्या.

मग निजामाचं राज्य जायच्या आधीचे धामधुमीचे, लुटालुटीचे दिवस आले. गावं रिकामी होऊ लागली. अप्पा बार्शीला गेले, आम्ही माझ्या माहेरी सोलापूरला निघालो. मामा म्हणाले, मला कोण कशाला नेतंय, मी इथंच बरा. घराची किल्ली त्यांच्या हाती देऊन मी रजई बाहेर आणली. "मामा, ही आता घ्या. आमचं काही खरं नाही." त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि बैलगाडीत माझ्याच शेजारी कोंबली. "सोबत न्या. माझी चीज तुमच्याकडं हाय तवर तुमाला परत यावंच लागंल." या विम्याला मी किती हसले होते. त्या दिवशी हसू आलं नाही. हा विमा घंगाळाचा नव्हता आणि रजईचाही नव्हता, आमचा होता. गाडी वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते.

निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही परतलो, अप्पाही बार्शीहून आले. वाटलं होतं, घरात जाळीजळमटं असतील. घर झाडलेलं होतं आणि देवळीतल्या पणतीत तेल होतं. खाला म्हणाल्या, मामा रोज संध्याकाळी प्रत्येक बंद घरात दिवा लावत होते. "बंद घराला विमा लागू होत न्हाय ना," मामा म्हणाले, आणि आधी रजईवर हात फिरवला.

पण आता भ्यायची पाळी मुसलमान घरांवर, खालांवर आली होती. एके दिवशी त्या पानदान घेऊन मामांच्या दारात आल्या. "मामा, तुम्हारी अमानत लेव. हम हैदराबाद चले, भाई के पास." मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "न्हाय खाला. सोबत न्या. परत येऊन द्या." खालांनी पदराआड पानदान धरलं आणि निघाल्या.

त्यानंतर मामांनी पान खाल्लं नाही. अप्पा दुकानातून विडा घेऊन येत, तर म्हणत, "पानदान येऊ द्या." संध्याकाळी खालांच्या घरात दिवा लावून तिथंच उंबऱ्यावर बसत. मी चहा नेऊन दिला तर घेत, पण डोळे रस्त्याकडे. त्या उंबऱ्यावर बसून बसूनच मामा थकले आणि एका पावसाळ्यात गेले.

पुढे एका हिवाळ्यात मी ओसरीवर रजई उन्हात टाकत होते, तर पाठीत वाकलेली एक बाई मामांच्या कुलपाकडे बघत उभी दिसली. काखेत फडक्यात गुंडाळलेलं पानदान. घासून लख्ख केलेलं. "बहुत देर हो गई ना?" खाला म्हणाल्या. मी त्यांना हाताला धरून ओसरीवर आणलं, रजईवर बसवलं. पानदान आम्हा दोघींच्या मध्ये ठेवलं होतं, ते कुणीच उघडलं नाही. दिवस मावळायला आला तशी मी किल्ली घेऊन उठले आणि मामांच्या बंद घरात दिवा लावून आले.