डायनामाला करंट दाखवला तवा

आमचा ट्रॅक्टर माझ्या जन्माच्या आधीचा हाय, दादाच्याबी आधीचा. त्याला जुना डायनामा हाय, आन् जुन्या डायनामाचं एक लय वेगळंच असतंय. खोलून दुरुस्त केला की कधीकधी तो बॅटरी चार्जिंग करायचंच विसरतो. मग बॅटरीची तार घ्यायची आन् डायनामाच्या एका टोकाला, त्याला फील्ड म्हणतात, क्षणभर टेकवायची. चट्‌ करून ठिणगी उडती. बस, झालं काम. अप्पा, म्हंजे माझे वडील, याला डायनामाला करंट दाखवणं म्हणतात. मला हे दादा गेल्यावर कळालं.

दादा देवगाव फाट्याच्या अलीकडं गेला. अंधार पडला व्हता, वळणावर समोरून आलेल्या टेम्पोवाल्याला ट्रॅक्टर दिसलाच न्हाई. ट्रॉलीला धडक बसली, दादा खाली फेकला गेला. तवापासून सगळं गाव एकच बोलायलंय, लाईट बंद ठेवून चालला व्हता, बॅटरी वाचवायला. आमच्याकडं लोक करतातच तसं, खोटं कशाला सांगू. समोर गाडी दिसली की लाईट लावायची, गेली की बंद. पण वहिनीच्या सख्ख्या भावानं दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणलं, दाजींनी बेफिकिरीनं जीव घालवला. वहिनी त्या दिवसापासून दोन घास खाल्ले की उठायची. एकदा मला म्हणली, "भाऊजी, त्यांनी लाईट लावली व्हती का न्हाई, एवढंच मला कुणी सांगा."

मी काय सांगणार? मी परभणीला कॉलेजात व्हतो.

ट्रॅक्टर ओढत आणून गोठ्याजवळ उभा केलेला. कुणी हात लावला न्हाई. अप्पा तर त्या बाजूनं जायचेबी न्हाईत. पेरणी तोंडावर आली तसा मीच एक भरलेली बॅटरी घेऊन आलो. दिवस मावळायला आला व्हता. भावकीतले काका बाजेवर बसून तंबाखू मळायले व्हते.

"इंजिनेर, तारा नीट जोड, न्हाईतर मागं पळंल ट्रॅक्टर."

"काका, गप बसा की जरा."

"लाईटचं काही बघू नको बरं. या घरात लाईट लावायची सवयच न्हाई."

वहिनी दारात ज्वारी निवडायली व्हती, तिनं ऐकलं. मी रागारागात दुसरी तार बॅटरीला जोडली, आन् समोरचा डावा दिवा एकदम लागला. उजवा फुटलेला.

मी लाईटच्या खटक्याला बोटबी लावलं नव्हतं. वर चढून बघितलं, तर खटका ओढलेलाच. दादाच्या हातानं ओढलेला, तसाच.

मी वराडलोच, "वहिनी, लाईट चालू व्हती. हे बघा, दादानं लावली व्हती."

वहिनी सूप ठेवून आली, दिव्यासमोर उभी राहिली. काकांनी तंबाखू तोंडात टाकली आन् घराकडं निघाले. मी खुशीत बडबडायलो व्हतो, थांबतच नव्हतो. तेवढ्यात वहिनी म्हणली, "भाऊजी, मामांना विचारा. लावली व्हती, मग विझली कशानं?"

मामा म्हंजे अप्पाच. ते ओट्यावर व्हते, तिथंच, पण आमच्याकडं सून सासऱ्याशी थेट बोलत न्हाई.

अप्पा उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ट्रॅक्टरपाशी आले. चालू केला, रेस दिली. इंजिन वराडलं पण दिव्याचा उजेड तेवढाच राहिला. "चार्जिंग न्हाई," ते म्हणले. "डिझेल इंजिन हाय, बॅटरी मेली तरी चालत राहतंय. दिवा मातर हळूहळू विझतो." मग बंद केला, फील्डची तार सोडली, बॅटरीची तार त्या टोकाला टेकवली. ठिणगी उडाली. सुटलेली तार पुन्हा बसवून चालू केला, रेस दिली, आन् दिवा असा पेटला की गोठ्याच्या मागची बाभळ उजळली.

मला वाटलं आता अप्पा हसतील. ते म्हणले, "डायनामा वालूरहून दुरुस्त करून आणला तवा मीच बसवला व्हता. शनिवार व्हता, पोखर्णीला दर्शनाला निघालो व्हतो, जीपवाला हॉर्न वाजवायला व्हता. म्हणलं आल्यावर दाखवू करंट, तोवर तो ट्रॅक्टर घेऊन गेला. त्याला सांगायचं राहिलं."

वहिनीनं डोक्यावरचा पदर सावरला. पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडं बघून बोलली.

"एवढंच राहिलं व्हतं?"

"एवढंच."

"मामा, हे माझ्या भावाला तुमीच सांगा."

"सांगतो."

"आज सांगा."

अप्पांनी आत जाऊन टोपी घातली. मी म्हणलो, अप्पा, गाडीवर सोडतो. त्यांनी नुसता हात हलवला आन् वहिनीच्या भावाच्या गावाकडं पायीच रस्त्याला लागले. वहिनी ते दिसेनासे होईपर्यंत उभी व्हती. इंजिन चालूच व्हतं, बंद करायचं कुणाला सुचलं न्हाई.